उलटा आवाज, सुलटा आवाज

मामा एका माणसाकडून बातमी घेत नसत. दोघांकडून घेत, आणि दोघांनाही वेगवेगळं गाठून. कोणाच्या घरी भांडण झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाची बदली झाली, काहीही असो. एकाला विहिरीपाशी विचारायचं, दुसऱ्याला पानठेल्यावर. मग दोघांच्या सांगण्यात जे सारखं निघेल ते मामा सोडून द्यायचे आणि जे वेगळं निघेल तेवढं ठेवून घ्यायचे.

मी उलटं लिहिलेलं नाही, मागे जाऊन पुन्हा वाचू नका. सारखं ते टाकायचं, वेगळं ते ठेवायचं.

"दोघंबी सारखंच बोलले म्हंजे थे बाहेरून आलं," ते म्हणत. "हवेतलं. गावभर फिरून राह्यलं, याच्या कानात शिरलं अन् त्याच्याबी. पन एकानं म्हतलं म्हैस काळी, दुसऱ्यानं म्हतलं म्हैस लंगडी, तं मंग समजाचं का दोघायनंबी म्हैस पाह्यली."

हे मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. साल पंचाहत्तरच्या आसपासचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि तिथल्या एका कन्याशाळेत मी विज्ञान शिकवायला लागले होते. वय बावीस, बी.एस्सी. फिजिक्स, वर बी.एड. वऱ्हाडात फिजिक्स आणणारी पहिली बाई मीच, असं माझं प्रामाणिक मत होतं. माझे डोळे ठणठणीत होते, तरी अमरावतीहून मी बिननंबरी काचांचा चष्मा करून आणला होता. विद्वत्ता नाकावर दिसावी म्हणून. उन्हाळ्यात तो घामानं घसरायचा आणि मी एका बोटानं वर ढकलायचे. ते ढकलणंही मी आरशासमोर बसवलेलं होतं. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या फुटपाथनं जाईन.

माझी नेमणूक टेंपररी होती. जूनमध्ये पर्मनंटची ऑर्डर निघणार होती. बाबा जऊळक्याला पोस्टात होते. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली, त्यामुळे ऑर्डर निघायच्या आधीच बाबांनी ती गावभर वाटून टाकली होती. टपालाची थैली घ्यायला ते स्टेशनात जात. गाडी थांबली की उतरणाऱ्याला आधी जयभीम किंवा रामराम, ज्याला जे चालेल ते, आणि लगेच, "आमची पोरगी जूनमंधी पर्मनंट होऊन राह्यली."

मामा त्या शाळेत घंटा वाजवत, पाणी भरत, फळे पुसत आणि विजेचं जे काही असेल ते पाहत. खाकी अर्धी पँट, वर सदरा, आणि खांद्यावर कायम एक तारेचं वेटोळं, गारुड्यानं साप घ्यावा तसं. ते पूर्वी पलटणीत होते एवढं नक्की. पलटणीत काय करत होते, याबद्दल मी त्यांच्याच पद्धतीनं दोघांना विचारलं. एक म्हणाला तोफखान्यात, दुसरा म्हणाला सैपाकखान्यात. नियमाप्रमाणे 'खाना' टाकून दिला. उरली तोफ आणि सैपाक. त्यांच्या हातचा चहा मी प्यायले आहे, मला दोन्ही खरं वाटलं.

हात रिकामा सापडला की मामा काहीतरी वळायला लागायचे. पेपराची कड, पोरींच्या तुटलेल्या फिती, झाडूच्या काड्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अंबाडीच्या दोऱ्या वळायचं काम. दोन धागे दिसले की ते एकमेकांत गुंतवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एखादी पोरगी एकटीच रुसून व्हरांड्यात बसलेली दिसली तरी तिच्याकडे न बघता म्हणत, "एकल्या धाग्याले कोनीबी तोडते, माय. जा, कोनाची तरी जोड पाह्य." पोरगी हसायची आणि वर्गात जायची. मला हे सगळं गावंढळ वाटायचं.

आता दादासाहेब. ते संस्थेचे सचिव, तीन गावांत जमीन, मनानं वाईट नव्हते. शेतात किंवा घरी बोलत तेव्हा ऐकत राहावं असं गोड वऱ्हाडी बोलत. पण स्टेजवर चढले की त्यांना शुद्ध बोलायचा झटका यायचा. आमच्याकडे 'ण' लहानपणीच हरवतो. आम्ही पानी पितो, लोनी खातो, कोनी आलं तर उठून उभे राहतो. दादासाहेबांना हे कुणीतरी नजरेस आणून दिलं असावं, आणि त्यांनी हरवलेले सगळे 'ण' एकदम घरी आणले. ठेवायला जागा पुरेना, तेव्हा जिथं 'न' होता तिथंही एकेक बसवून टाकला. "विद्यार्थिणी भगिणींणो, आपल्या मणात ज्ञाणाची तहाण णिर्माण झाली पाहिजे." पोरी ओठ चावून बसायच्या. मी चष्म्याआडून सगळं टिपून घ्यायचे, कारण नकला करणं हा माझा दुसरा विषय होता. विद्यापीठानं त्याची परीक्षा घेतली असती तर मला त्यात जास्त मार्क पडले असते.

हे दादासाहेब एकदा कुठलासा कारखाना बघून आले. तिथल्या मालकाच्या टेबलावर म्हणे एक पेटी होती. बटन दाबलं की लांबच्या खात्यातली बोलणी पेटीतून ऐकू यायची. झालं. आमच्याही चार वर्गांत भिंतीवर एकेक खोकं बसलं. त्यात गोल पडदा, बोललेलं टिपून घेणारा. तिथून ऑफिसपर्यंत तारा, आणि दादासाहेबांच्या टेबलावर चार बटनांची पेटी. कोण बाई काय शिकवते, ते त्यांना खुर्चीत बसून ऐकायचं होतं.

अकोल्याहून आलेल्या मिस्त्रीनं तारा ताणल्या, बटन दाबलं, आणि पेटीतून आवाज आला: घूंऽऽऽ. शाळेच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती, तिच्या मोटारीचा तो आवाज तारेत शिरत होता. दुसरं बटन दाबलं. घूंऽऽऽ.

दादासाहेब म्हणाले, "ह्या पोरी शिकून राह्यल्या का दळून राह्यल्या?"

मिस्त्री म्हणाला, जाळीच्या आवरणाची भारी तार मुंबईहून मागवावी लागेल. मामा तिथंच पाण्याची कळशी घेऊन उभे होते. म्हणाले, "काई लागत नाई. तारेले पीळ नाई, म्हून गिरनी शिरून राह्यली."

स्टाफरूममध्ये मी त्यांना घेरलं. पिळानं काय होणार, ते समजावून सांगा म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं.

"दोन तारा हायेत. सरक्या, बिनपिळाच्या ठेवल्या तं जी गिरनीच्या बाजूनं थिले जास्त जाच, दुसरीले कमी. पीळ दिला तं घडीत ही तिकडं, घडीत थी. दोघीयच्या वाट्याले सारखाच जाच आला. आता आपलं बोलनं पाठवाचं थे एकीतून सुलटं, दुसरीतून उलटं. त्यासाठी या टोकाले एक डबी लागते. त्या टोकाची डबी दोघीयलेबी इचारते. जे सारखं असन थे टाकते, जे येगळं असन थे ठेवते."

म्हणजे म्हशीचाच नियम. पण मला तेव्हा ते कुठलं दिसायला.

"मामा, उलटा आवाज म्हणजे काय हो? इकडून 'कमळ' म्हटलं तर ती तार 'ळमक' म्हणते का?"

स्टाफरूम हसली. मला चेव आला. मी चष्मा वर ढकलला, फळ्यावर दोन रेघा काढल्या आणि सिद्ध करून दाखवलं की पीळ दिल्यानं तार जास्त लागते, तार वाढली की रोध वाढतो, रोध वाढला की आवाज कमी होतो. गणित अगदी बरोबर होतं. फक्त त्याचा विषयाशी संबंध नव्हता. मामांनी फळा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मग पुसून टाकला. पुसणं त्यांचं कामच होतं, तरी मला जरा लागलं.

आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, हिशेबी होत्या. मुंबईच्या तारेपेक्षा मामांचा पीळ त्यांना परवडणारा वाटला. त्यांनी परवानगी दिली आणि वर मला म्हणाल्या, "तुम्ही विज्ञानाच्या. तुम्ही मदत करा."

मग व्हरांड्यात आमचा कारखाना लागला. दोन तारांची टोकं माझ्या हातात, आणि लांब तिकडे मामा, अंबाडीची दोरी वळायची ती लाकडी फिरकी घेऊन. आमच्याकडे तिला ढेरा म्हणतात. ढेरा गरगर फिरायचा आणि दोन तारा एकमेकींच्या गळ्यात पडत माझ्याकडे यायच्या.

"बाई, तानून धरा. सैल सोडू नोका. इतीत बारा पीळ आले पायजेत."

वीत म्हणजे त्यांची वीत. ते येऊन प्रत्येक वीत मोजायचे, अकरा भरले की परत फिरवायचे. मधल्या सुट्टीत पोरी रांगेनं उभ्या राहून बघायच्या. बी.एस्सी. झालेली बाई, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी. एक आगाऊ पोरगी म्हणाली, "बाई, वाकू नोका. दोरी लोंबते." मी तिचं नाव लिहून घेतलं.

डब्या मामांनीच केल्या. बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरच्या पोटातून बारीक तारेचं गुंडाळं काढायचं आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत बसवायचं. गावातल्या सगळ्या तपकीर ओढणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ते महिनाभर तगादा लावून होते. एकदोघांना तर लवकर ओढा म्हणून सांगून आले. प्रत्येक डबी वास घेऊन तपासायची. त्यामुळे डबी बसवताना मामा दर वेळी दोनदा शिंकायचे. एकदा शिंकले तर काम पक्कं झालं नाही, असं मानायचे.

आत्ता परवा माझ्या नातवानं त्याच्या दुकानात चोरावर नजर ठेवायचे कॅमेरे बसवले. बसवणाऱ्या मुलानं कॅमेऱ्यापासून काउंटरपर्यंत पिळाची तार ओढली आणि तिच्या दोन टोकांना बोटाएवढ्या दोन डब्या लावल्या. मी म्हटलं, "बाबू, हे आमच्या शिपायानं तपकिरीच्या डबीत केलं होतं." त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, तसंच मी मामांकडे पाहत असे. मी त्याला माफ केलं. हळूहळू समजेल.

आठवीच्या वर्गाची पहिली लाइन पूर्ण झाली. मोठ्या बाईंनी बटन दाबलं. आठवीतली मराठीची कविता पेटीतून स्वच्छ बाहेर आली. कोणती पोरगी शेवटच्या बाकावर खोकते आहे तेही ऐकू आलं. घूं नाही की घां नाही. मी म्हटलं, गिरणी बंद असेल. मामांनी खिडकी उघडली. बाहेर गिरणी धडधडत होती आणि पिठाचा एक लोट माझ्या चष्म्यावर येऊन बसला.

पाठोपाठ दुसरीही झाली. आता मागच्या इमारतीतल्या दोन लाइनी राहिल्या. एक माझ्या प्रयोगशाळेची, दुसरी शेजारच्या शिवणवर्गाची. अंतर लांब, म्हणून मामांनी त्या दोन तुकड्यांत वळल्या. ऑफिसकडचा तुकडा लावून झाला, वर्गांकडचाही झाला, आणि मधे व्हरांड्याच्या खांबापाशी फक्त जोड द्यायचा उरला. तेवढ्यात रामनवमी आली. मामा दर वर्षी पोहरादेवीच्या यात्रेला जायचे म्हणजे जायचे. "आल्यावर जोडतो, कोनी हात नोका लावू," असं बजावून गेले.

दादासाहेबांना धीर निघेना. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "दोन तारा तर जोडायच्या. तुम्ही बी.एस्सी. आहात ना?"

हा प्रश्न मला कुणीही विचारावा आणि मी कुठेही उडी मारावी, असे ते दिवस होते.

खांबापाशी गेले. ऑफिसकडून दोन जोड्या आलेल्या: एक लाल तारांची, एक हिरव्या तारांची. वर्गांकडूनही दोन: एक लाल, एक हिरवी. याहून सोपं काय असणार? फक्त प्रत्येक जोडीच्या टोकाला मामांनी सुताच्या गाठी मारून ठेवलेल्या होत्या. कुठे दोन गाठी, कुठे तीन. आणि त्यातही मेळ नाही. इकडच्या लाल जोडीला दोन गाठी, तिकडच्या लाल जोडीला तीन. यात्रेला जाणाऱ्या माणसाचा काहीतरी नवस असेल, असं समजून मी कात्रीनं सगळ्या गाठी कापून टाकल्या. लालला लाल जोडलं, हिरव्याला हिरवं. याला म्हणतात पद्धत. मधल्या सुट्टीत दोन्ही बटनं दाबून पाहिली. दोन्हींतून पोरींचा कलकलाट आला. सुट्टीतला कलकलाट सगळीकडे सारखाच असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब ऐकायला बसणार होते. कोणत्या तासाला कोणतं बटन, याचं वेळापत्रक मोठ्या बाईंनी केलं होतं आणि ते मी चोरून पाहिलं होतं. तिसऱ्या तासाला शिवण, चौथ्याला विज्ञान. म्हणजे तिसऱ्या तासाला मला कुणी ऐकणार नव्हतं, मी मोकळी. त्या तासाला मी नववीला तरफ शिकवत होते. टेकू कुठे असतो, असं विचारलं, एकीला येईना, वर्ग कंटाळलेला. मी दार लोटलं, चष्मा काढला, पोट पुढे काढलं आणि सुरू केलं, "विद्यार्थिणी भगिणींणो, टेकूशिवाय माणवाचे जीवण म्हणजे कणकेविणा काणवला." पुढे मिनिटभर तरी मी थांबले नाही. पोरी स्टुलांवरून पडायच्या राहिल्या.

तास संपायच्या आत ऑफिसातून शिवणाच्या बाईंना बोलावणं आलं.

शिवणाच्या बाई पंचेचाळिशीच्या, घरात कमावणाऱ्या एकट्या त्याच. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे निम्मं बोलणं त्या डोळ्यांनी करायच्या. ज्या बाईनं वीस वर्षांत वर्गात आवाज चढवला नाही, तिनं नक्कल केली यावर कुणाचाही विश्वास बसला नसता. पण बटन शिवणाचं होतं, आवाज बाईचा होता, आणि ऐकणारे दोन होते, दादासाहेब आणि मोठ्या बाई. शनिवारपर्यंत लेखी माफी लिहा, नाहीतर राजीनामा लिहा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी बोललेच नाही." आणि परत येऊन मशीनवर बसल्या. त्या गडबडीत चौथ्या तासाचं बटन कुणी दाबलंच नाही. त्या दिवशी मशीनची सुई दोनदा तुटली.

मी काय केलं? मी गप्प बसले. जून डोळ्यासमोर आला, जऊळक्याचा प्लॅटफॉर्म आला. माझा आवाज त्यांच्या बटनात कसा गेला हे मला खरंच कळत नव्हतं, पण कारण शोधायला मला वेळ लागला नाही: पीळ. मी स्टाफरूममध्ये म्हणालेसुद्धा, "तरी मी सांगत होते, तारांना असं गुंतवू नये." असं बोलताना मी चष्मा वर ढकलला असणार. नक्की आठवत नाही, पण त्या मुलीला मी ओळखते.

मामा दुसऱ्या दिवशी परतले. कुणालाही काही न विचारता त्यांनी घंटा दिली आणि पाणी भरायला घेतलं. दादासाहेबांचा पेला भरताना विचारलं, काय काय ऐकू आलं, साहेब? मोठ्या बाईंना त्यांच्या दारातला पायपोस झटकताना विचारलं. मग ते माझ्या प्रयोगशाळेत आले आणि दार लोटून घेतलं.

"दोघंबी म्हनतात शिवनाच्या बाई होत्या," ते म्हणाले. "थे मी टाकलं. थे बटनावर लिवलेलं हाये, थे कोनीबी म्हनन."

मी उगाच एक परीक्षानळी पुसायला घेतली.

"साहेब म्हनतात मांगं स्टुलं सरकून राह्यली होती. मोठ्या बाई म्हनतात कोनतरी टेकू टेकू म्हनत होतं. आता शिवनाच्या पोरी बसतात सतरंजीवर, अन् त्यायले टाका लागते, टेकू नाई लागत." त्यांनी माझ्या स्टुलांकडे पाहिलं. "बाई, गाठी कुठी गेल्या?"

"कापल्या," मी म्हणाले. "मामा, लालला लालच जोडलं मी. तुम्हीच घोळ घातला. एकाच लाइनला इकडून लाल तार आणि तिकडून हिरवी का लावली?"

मामांनी खांद्यावरचं वेटोळं स्टुलावर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "थ्या दोन येगळ्या हायेत का?"

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले.

"पलटनीत तारेवरच होतो," ते म्हणाले. "एक दिवस सायबानं म्हतलं लाल आन, मी हिरवी नेली. डोळे तपासले. त्याच दिवशी मले तारेवरून उचललं अन् चुलीवर ठिवलं. हितं कोनाले मालूम नाई. म्हून गाठी मारतो. दोन गाठी दोनला, तीन गाठी तीनला. रंग मी पाह्यतच नाई." मग जाता जाता, जणू पाणी भरायचं राहिलंय अशा सुरात, "तुमी कायले घाबरता? मी सांगतो साहेबाले, माह्यी डबी बिघडली. शिवनाच्या बाई सुटतीन, तुमीबी सुटसान."

ही वाट फार सोयीची होती आणि मी त्या वाटेवर रात्र काढली, हे कबूल करते. पण डबी बिघडली म्हटल्यावर दादासाहेब अकोल्याच्या मिस्त्रीला बोलावणार. मिस्त्री खांबावरचा जोड उघडणार, आणि पहिलाच प्रश्न विचारणार तो रंगाचा. मग मामा पुन्हा चुलीवर. फिजिक्समुळे मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी आधी दिसल्या, ही त्यातली एक.

शनिवारी मी ऑफिसात गेले. दादासाहेब, मोठ्या बाई, आणि समोर शिवणाच्या बाई, हातात चौपदरी घडी घातलेला कागद. वर्गातून तशाच उठून आल्या होत्या, तोंडात टाचण्या. मामा कोपऱ्यात माठापाशी.

"नक्कल मी केली," मी म्हणाले. "तारसुद्धा मीच चुकीची जोडली. मामा नव्हते. त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं."

दादासाहेबांनी मला आपादमस्तक पाहिलं. "तुमी सायन्सच्या बाई. चष्मेवाल्या. तुमी काहून यायले वाचवून राह्यल्या?"

"वाचवत नाही. मीच होते."

"मंग करून दाखवा."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. आता चष्म्याचा काही उपयोग नव्हता. तो मी काढून टेबलावर ठेवला. पोट पुढे काढलं. पहिलं वाक्य फसलं, दुसरं निघालं, आणि एकदा निघाल्यावर, खोटं कशाला सांगू, माझ्यातला कलावंत जागा झाला. "संस्थेच्या वतीणे मी आपणास विणंती करतो की पाण्याचा अपव्यय णको, मणाचा संकोच णको, आणि अभ्यासाचा कंटाळा तर णकोच णको." दादासाहेबांसारखा हातही टेबलावर आपटला. त्यांच्याच टेबलावर.

ऑफिसात गिरणी ऐकू येत होती. मग टिक टिक असा आवाज झाला. शिवणाच्या बाईंना हसू आवरलं नव्हतं आणि त्यांच्या ओठांतल्या टाचण्या एकेक करून टेबलाच्या काचेवर पडत होत्या.

दादासाहेब मोठ्या बाईंकडे वळले. "मी असा बोलतो?"

"छे छे," मोठ्या बाई म्हणाल्या. "काहीतरीच."

ते माठाकडे वळले. "मामा, तू सांग."

मामांनी पेला पुसून पालथा घातला. "मोठ्या बाईनं सांगतलंच, साहेब. आता मी सांगतलं तं थे येगळं निघन."

दादासाहेबांनी पेटी हातानं बाजूला सारली. मग त्यांनी शिवणाच्या बाईंच्या हातातला कागद घेतला, न उघडताच फाडला, आणि म्हणाले, "जा बाई, तुमचा वर्ग खोळंबला." मला म्हणाले, "तुमची ऑर्डर पुढच्या जूनमंधी पाहू." हे त्यांनी शुद्ध वऱ्हाडीत सांगितलं, त्यामुळे काय आहे ते मला लगेच समजलं.

बाबा वर्षभर प्लॅटफॉर्मवर "पुढच्या जूनमंधी" म्हणत राहिले, जणू माझी नाही, गाडीचीच वेळ बदलली होती. त्या पंधरा ऑगस्टला दादासाहेब झेंड्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीहो, आपल्या हिरीचं पानी आटून राह्यलं, जपून वापरा." भाषण तेवढंच झालं, आणि त्या वर्षी पाणी खरंच जपून वापरलं गेलं. पेटीवर ते पुढे एकच बटन दाबू लागले, शिवणाचं. मशीनच्या आवाजानं त्यांना दुपारी चांगली झोप लागायची.

पण त्याआधी मला शिक्षा म्हणून एक रविवार मामांबरोबर खांबापाशी काढावा लागला. जोड सोडायचे, नव्यानं द्यायचे आणि गाठी परत मारायच्या. मी रंग सांगत होते, ते तारा लावत होते. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "बाई, लाल कसं असते?"

मी आधी तरंगलांबी सांगितली. आकड्यासकट.

"बरं," ते म्हणाले, आजाऱ्याला म्हणतात तसं.

मी विचार करू लागले. मिरची म्हणावं तर ती त्यांना हिरवीच दिसत असणार. कुंकू म्हणावं, पळस म्हणावं, तर तीच अडचण. शेवटी म्हटलं, "मामा, परवा मी नक्कल करत होते तेव्हा दादासाहेबांचं तोंड पाहिलं होतं ना? तसं."

मामांनी तिसरी गाठ मारली, ओढून पाहिली.

"थे तं मले हिरवंच दिसलं," ते म्हणाले.